‘मोजे गळतात’ : सोलापूरच्या एका ट्रेकिंग गटातील वॉटरप्रूफ मोज्यांचे प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर शहरातील एक ट्रेकिंग गट दर पावसाळ्यात रात्रभर बसने प्रवास करून सह्याद्रीत जातो. महाविद्यालयीन मुलांपासून निवृत्तीला आलेल्या मंडळींपर्यंत सगळ्या वयाचे लोक त्यात आहेत. सोलापूर पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असल्यामुळे येथे पावसाळी साहित्य घरोघरी नसते. रेनकोट बहुतेकांकडे असतो. पण भातखाचरांच्या बांधांवरून, ओढ्यांतून आणि घोटाभर चिखलातून दिवसभर चालायचे तर पायांची जी तयारी लागते, ती कोणाचीच नसते. त्यामुळे परतल्यावर निम्म्या लोकांच्या टाचांना फोड आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, असा अनुभव अनेक वर्षे येत होता.

यावर उपाय म्हणून गटाने वर्गणी काढून वॉटरप्रूफ मोज्यांच्या १० जोड्या विकत घेतल्या. एका जोडीची किंमत साध्या मोज्यांच्या डझनभर जोड्यांपेक्षा अधिक असल्याने प्रत्येकाने स्वतंत्र घेणे परवडणारे नव्हते. मोजे सामायिक ठेवावेत, ज्याला ट्रेकला जायचे त्याने न्यावेत आणि परत आणून द्यावेत, असे ठरले. गटातील एका दाम्पत्याच्या घरी साहित्याची पत्र्याची पेटी होती. मोजे त्याच पेटीत ठेवायचे आणि धुलाई त्या घरच्या वहिनींनी पाहायची, हेही ओघाने ठरले. या व्यवस्थेत सोय पाहिली गेली, परंतु मोज्यांना नेमके काय लागते याचा विचार कोणी केला नाही, आणि पुढच्या सगळ्या अडचणींचे मूळ मला तेथेच दिसते.

हे मोजे तीन थरांचे असतात. बाहेर नायलॉन आणि ताणल्या जाणाऱ्या धाग्याची विणलेली जाळी, आत मेरिनो लोकरीचे किंवा घाम शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याचे अस्तर, आणि या दोहोंच्या मध्ये मेम्ब्रेन म्हणून ओळखला जाणारा पातळ पडदा, बहुधा पॉलियुरेथेनचा. पाणी अडवण्याचे काम हा मधला पडदाच करतो. तो पाण्याचा थेंब आत येऊ देत नाही, मात्र घामाची वाफ बाहेर जाऊ देतो. बाहेरची जाळी भिजतेच, आणि ती भिजली म्हणून मोजा निकामी झाला असे होत नाही. ही बाब गटात कोणालाच ठाऊक नव्हती.

तक्रार

पहिला पावसाळा उत्तम गेला. दुसऱ्या वर्षी जूनअखेरीस गुंजवण्याहून चोर दरवाजाच्या वाटेने राजगड केला, तेव्हा मोजे घातलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पाय ओले झाल्याची तक्रार केली. शिवाय मोज्यांना असा कुबट वास येत होता की परतीच्या बसमध्ये पिशवी उघडणे अशक्य झाले. एका तरुण सदस्याने गटातील ज्येष्ठांना स्पष्टच सांगितले, “काका, पाय ओले झाले म्हणजे मोजे गेलेच की ओ! आता टाकून देऊ आणि नवे घेऊ.”

विक्रेत्याकडे विचारणा केली असता धुण्याच्या सूचना पाळल्या होत्या का, असा उलट प्रश्न आला. त्या सूचना मोज्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर होत्या आणि ती पट्टी टोचते म्हणून बहुतेक जोड्यांवरून कापून टाकलेली होती. त्यामुळे भरपाईचा विषय तेथेच संपला.

पहिला निर्णय : आधी तपासणी

या टप्प्यावर गटापुढे दोन टोकाची मते होती. एका बाजूला सगळे मोजे टाकून द्यावेत हा आग्रह होता, तर दुसऱ्या बाजूला कडक गरम पाण्यात धुऊन वास घालवावा आणि वापरत राहावे, असे म्हणणे होते. ज्यांना वर ‘काका’ म्हटले आहे, त्यांचे सारे आयुष्य टॉवेलच्या कारखान्यात रंगाई आणि धुलाईच्या विभागात गेले आहे. त्यांनी दोन्ही मते बाजूला ठेवून एकच विचारले, “गळतात हे कोणी पाहिलं? पाय ओला असणं आणि मोजा गळणं, हे एकच आहे का?” माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, कारण त्यापूर्वी कोणीही एकही मोजा पाण्यात बुडवून पाहिलेला नव्हता.

तपासणी साध्या बादलीत झाली. कोरड्या टिश्यू पेपरच्या घड्या बोटांवर आणि तळव्याखाली बसतील अशा रीतीने हात मोज्यात घालायचा, मोज्याचा वरचा काठ पाण्याबाहेर राहील इतपतच तो बुडवायचा, आणि बुटातला दाब पडावा म्हणून दुसऱ्या हाताने बाहेरून पुढचा भाग, टाच आणि तळवा दाबत राहायचे. काही मिनिटांनी हात बाहेर काढून कागद पाहायचा. येथे एक फसगत हमखास होते. पाण्यात बुडताच हाताला इतका गारवा जाणवतो की आत पाणी शिरले अशी खात्रीच वाटते. बाहेरची जाळी भिजून गार पडते आणि पातळ पडद्यातून तो गारवा थेट कातडीला लागतो. कागद मात्र कोरडाच निघतो. जे सदस्य ‘माझाच मोजा गळत होता’ असे ठामपणे सांगत होते, त्यांनीच हात घातला आणि त्यांच्याच हातातून कोरडा कागद निघाला, तेव्हा चर्चेचा सूर बदलला.

२० पैकी १४ मोजे पूर्ण कोरडे निघाले. तीन मोज्यांत कागदावर फक्त अंगठ्याच्या टोकाशी नाण्याएवढा ओला डाग होता. उरलेल्या तीन मोज्यांत टाच आणि तळव्याचा मोठा भाग भिजला होता. त्या तिन्हींना चुरगाळले की आतून वाळका पाला चुरडल्यासारखा आवाज येत असे आणि उलटे करून पाहिल्यावर अस्तराच्या खाली पडदा सुटून फुगलेला हाताला लागत असे.

कारणांचा शोध

अंगठ्याशी पडलेल्या छिद्रांचे कारण सरळ होते. वाढलेले नख आणि उतरताना बुटाच्या टोकावर येणारा दाब मिळून पडदा आतून टोचला गेला होता. सामायिक मोज्यात कोणाचे नख, हे शोधण्यात अर्थ नव्हता आणि कोणी शोधलेही नाही.

पडदा सुटलेल्या तीन मोज्यांची गोष्ट अधिक शिकवणारी आहे. वहिनींना आठवत होते की मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सगळे मोजे धुऊन गच्चीवर घातले असताना परतीचा पाऊस आला आणि दोरीवरचे कपडे घाईने गोळा करावे लागले. मोजे बाहेरून कोरडे लागत होते, म्हणून पॉलिथिनच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवले गेले. वॉटरप्रूफ मोजा बाहेरून कोरडा झाला तरी अस्तरात ओल राहते, कारण मधला पडदा पाण्याला दोन्ही बाजूंनी अडवतो आणि आतल्या पाण्याला थेंबाच्या रूपात बाहेर पडायला मोज्याच्या तोंडाखेरीज वाट नसते. पिशवीच्या तळाशी दडपलेल्या मोज्यांत ही ओल कोंडली गेली. ती पेटी पत्र्याच्या छपराच्या खोलीत होती. सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा अशा खोलीतली हवा त्याहून तापते आणि पत्र्याची पेटी तर हात लावू देत नाही. पॉलियुरेथेनला उष्णता आणि ओलावा एकत्र मिळाले की त्याची रासायनिक झीज होते, तो ठिसूळ होतो आणि कापडापासून सुटू लागतो. जुन्या बुटांचे तळ न वापरताच तुकडे होऊन पडतात, त्यातही पुष्कळदा हेच घडलेले असते.

उरलेल्या १४ मोज्यांत छिद्र नसताना पाय ओले का झाले, याची उत्तरे दोन मिळाली. राजगडाच्या चढणीवर अर्धी चड्डी घालून चाललेल्यांच्या पोटऱ्यांवरून पावसाचे पाणी ओघळत मोज्याच्या काठातून आत उतरले होते. असे शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. बुटात पाऊल टाकले की ते फक्त पुढे-मागे होते. दुसरे उत्तर घामाचे होते. घामाची वाफ पडद्यातून बाहेर जाण्यासाठी बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी असावी लागते. पावसाळी सह्याद्रीत हवा आधीच दमट असते, त्यात बाहेरची जाळी भिजून जड झालेली, मग वाफ आतच साचते.

येथे काकांच्या धंद्यातील ज्ञान कामी आले. वहिनी मोजे वॉशिंग मशिनमध्ये इतर कपड्यांबरोबर लावत आणि शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालत. टॉवेलच्या कारखान्यातही कापड मऊसूत लागावे म्हणून शेवटी सॉफ्टनर दिला जातो, आणि त्याच कारणाने नवा टॉवेल पहिल्या काही धुलाया होईपर्यंत पाणी नीट टिपत नाही, हे सोलापुरात त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असते. सॉफ्टनरचा थर धाग्यावर बसतो. मोज्याच्या अस्तरावर तो बसला की अस्तर घाम ओढून पसरवण्याचे काम सोडते आणि वाफ जाण्याच्या वाटेत आणखी एक लेप तयार होतो. त्याआधी चिखल काढण्यासाठी मोजे बोअरच्या जड पाण्यात वडीचा साबण लावून घासले जात. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमशी साबणाची प्रक्रिया होऊन न विरघळणारा पांढरट साका तयार होतो आणि तो विणीत अडकून बसतो. एक मोजा उलटा करून नखाने अस्तर खरवडले, तेव्हा नखाखाली राखाडी मेणचट थर आला. कुबट वास त्याच थरातून येत होता. त्यात अडकलेला घाम आणि मृत त्वचा हेच जंतूंचे खाद्य होते.

विचारात घेतलेले पर्याय

सगळे मोजे टाकून देण्याचा पर्याय तपासणीनंतर आपोआप गळला. गरम पाण्याचा आग्रह मात्र टिकून होता, कारण वास खरोखरच असह्य होता. या मोज्यांना बहुतेक उत्पादक ३० किंवा फार तर ४० अंशांपर्यंतचे पाणी सांगतात आणि ब्लीच, इस्त्री, ड्रायर यांना मनाई करतात. गरम पाण्याने वास कदाचित गेला असता, पण त्याबरोबर पडदा आणि काठाचा ताणही गेला असता.

छिद्रांवर सायकलचे पंक्चर काढण्याचे सोल्यूशन लावण्याची सूचना एकाने केली आणि एका मोज्यावर तो प्रयोग झालाही. सोल्यूशन बाहेरच्या जाळीवरच बसले, कारण पडदा दोन थरांच्या मध्ये असल्याने तेथवर पोहोचताच येत नाही. वाळल्यावर त्या जागी टणक गाठ झाली, जी बुटात नक्कीच फोड आणणार होती. बाहेरून जलरोधक फवारा मारण्याची कल्पनाही पुढे आली, परंतु ज्या मोज्यांचा पडदा शाबूत आहे त्यांना आधी स्वच्छ करणे आवश्यक आहे आणि साक्यावर फवारा मारणे म्हणजे थरावर थर चढवणे आहे, हे सर्वांना पटले.

शेवटचा पर्याय मोजे सौम्य रीतीने, पुन्हा पुन्हा धुऊन थर काढण्याचा होता. त्याला वेळ लागणार होता. तोच स्वीकारला.

प्रत्यक्ष कृती

पहिला प्रश्न पाण्याचा होता. नळाचे पाणी काही दिवसांआड येत असल्याने ते जपून वापरावे लागते. म्हणून चिखलाची पहिली खंगळणी बोअरच्या पाण्यात, साबण न लावता, आणि पुढची धुलाई व शेवटची खंगळणी साठवलेल्या नळाच्या पाण्यात, अशी विभागणी केली. गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारनंतर अंगाला चटका बसेल इतके तापलेले असू शकते, म्हणून बादली सकाळीच भरून ठेवायची, हाही नियम झाला. ‘साध्या पाण्यात धुवा’ ही सूचना आपल्याकडे शब्दशः पाळली तरी उन्हाळ्यात धोका संभवतो, तो असा.

मोजे उलटे करून बादलीभर पाण्यात अगदी थोडे द्रव डिटर्जंट घालून भिजवले. उलटे करतानाही काळजी घ्यावी लागते. बोटांकडून ओढून काढल्यास पडदा ताणला जातो, म्हणून काठापासून गुंडाळत टाचेपर्यंत आणायचे, टाच सोडवायची आणि मग पुढचा भाग हळूच बाहेर घ्यायचा. ब्रश आणि दगड पूर्ण वर्ज्य केले आणि अस्तर बोटांच्या पेरांनी दाबून धुतले. पहिले पाणी दुधट निघाले. पाणी स्वच्छ निघेपर्यंत आणि अस्तर दोन बोटांत चोळल्यावर बुळबुळीत लागेनासे होईपर्यंत खंगळणी चालू ठेवली. काही मोज्यांना ही सगळी प्रक्रिया एक दिवस मध्ये सोडून पुन्हा करावी लागली, आणि वास खऱ्या अर्थाने गेला तो त्यानंतरच.

पिळण्याची सवय मोडणे सर्वांत अवघड ठरले. पिळ्याने थर एकमेकांवर घासतात आणि पडद्याची चिकटण सुटते. त्याऐवजी जाड टेरी टॉवेल पसरून त्यावर मोजा ठेवायचा, टॉवेलची गुंडाळी करायची आणि वरून तळहातांनी दाबायची, ही रीत काकांनी दाखवली. जुना, अनेकदा धुतलेला टॉवेल या कामाला नव्यापेक्षा चांगला, याचे कारण वर आलेच आहे.

वाळवण्याच्या बाबतीत मला ठामपणे सांगावेसे वाटते की सोलापुरात या मोज्यांना उन्हाची गरजच नाही. पावसाची झड नसेल तेव्हा येथील हवा इतकी कोरडी असते की सावलीत, पंख्याखाली, उलटा टांगलेला मोजाही वाळतो. आधी अस्तर बाहेर ठेवून पूर्ण वाळवायचे, मग सुलटा करून बाहेरची जाळी वाळवायची. वाळल्याची खात्री हाताला कोरडे लागते यावरून न करता, आत कोरडा कागद कोंबून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी तो दमट लागतो का, हे पाहायचे असे ठरले.

निष्पत्ती

फुटक्या सहा मोज्यांपैकी दोन एकाच जोडीतले होते आणि उरलेले चार वेगवेगळ्या जोड्यांतले. त्यामुळे पाच जोड्या शाबूत राहिल्या आणि चार चांगले मोजे सुटे उरले. या मोज्यांत डावा-उजवा असा भेद नव्हता. सुट्यांपैकी दोन मोठ्या मापाचे आणि दोन मध्यम मापाचे असल्याने त्यांच्याही दोन जोड्या जुळल्या. जी खरेदी टाकून देण्याच्या बेतात होती, तिच्यातील सात जोड्या वापरात आल्या.

ऑगस्टमध्ये पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड झाला. त्या वेळी मोज्यांच्या काठावरून फुल पँट खाली घेऊन ती घोट्याशी पट्टीने बांधली होती. वरून पाणी शिरल्याची तक्रार फक्त एकाची आली, आणि ती गुडघाभर ओढ्यात उतरल्यामुळे. त्यावर उपाय मोज्यात नाही. काठापेक्षा खोल पाणी ओलांडायचे असेल तर बूट-मोजे काढावेत, किंवा त्या दिवशी साधे लोकरीचे मोजे घालावेत, जे भिजतात पण निथळतातही. चढणीवर घाम सर्वांना आला आणि अस्तर दमट झाले, मात्र फोड कमी आले.

वेगळे काय करता आले असते

धुलाईच्या चुका दुरुस्त झाल्या, पण माझ्या मते गटाने सर्वांत आधी ज्यावर थांबायला हवे होते तो प्रश्न मोजे सामायिक ठेवण्याचा होता. चिखल्यांमागे पुष्कळदा बुरशी असते. ती मोज्यांतून एका पायावरून दुसऱ्या पायावर जाऊ शकते, आणि कापडातील अशी बुरशी खात्रीने घालवायची तर सुमारे ६० अंशांचे पाणी लागते. या मोज्यांना ४० अंशांपलीकडे सोसत नाही. म्हणजे जे निर्जंतुक करता येत नाही तेच आपण एकमेकांना देत होतो. सात जोड्या आता सात जणांना मापानुसार नेमून दिल्या आहेत, काठाच्या आत मार्करने खूण केली आहे, आणि ज्याची जोडी त्यानेच ती धुवावी असे ठरले आहे. धुण्याचे सगळे काम एका घरातल्या एका बाईवर टाकून, वर तिला सूचनांची पट्टीही न देणे, हे मुळातच अन्यायाचे होते. वहिनींनी इतर कपड्यांना जे चालते तेच केले.

दुसरी गोष्ट परतीच्या प्रवासाची. मोजे सर्वाधिक बिघडतात ते ट्रेक संपल्यापासून घरी पोहोचेपर्यंतच्या रात्रीत, कारण ते ओल्या बुटात किंवा बांधलेल्या पिशवीत पडून राहतात. बसमध्ये बसण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात एकदा बुचकळून, उलटे करून सीटच्या मागच्या जाळीत मोकळे ठेवले असते, तर तो कुबट वास बहुतेक आलाच नसता आणि पुढची जोराची घासाघीसही टळली असती.

बादलीतली तपासणी दर पावसाळ्याच्या सुरुवातीला, पहिल्या ट्रेकच्या आधी करायची, असे आता ठरलेले आहे. राजगडाच्या ट्रेकआधी ती झाली असती, तर सहा फुटके मोजे घरीच राहिले असते. पेटी पत्र्याच्या खोलीतून उचलून आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात हलवली आहे. मोजे पॉलिथिनऐवजी सुती पिशवीत, घडी न घालता ठेवले आहेत. उरलेल्या तीन जोड्यांच्या जागी नव्या घ्यायच्या आहेत. त्या घेताना किंमत गटाने आणि वापरणाऱ्याने निम्मी-निम्मी द्यावी, आणि सूचनांची पट्टी कापण्यापूर्वी तिचा फोटो गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावा, असा ठराव झाला आहे.